डोंगराहून जुनी भेग

सुरुंगांनी डावा कान नेला, तेव्हापासून बोगद्यातले लोक मुकादमाला कानफुट्या म्हणत. त्याला त्याचा राग नव्हता. खडक तो तळहात टेकवून ओळखायचा.

त्या दिवशी सकाळपासूनच त्याला काहीतरी खटकत होतं. महिनाभर आडवे चाललेले थर एकाएकी वर वळले होते, गुंडाळायला घेतलेल्या सतरंजीसारखे. त्या वळणाशी एक भेग होती, तिच्यात खडकाचा चुरा होऊन राखाडी चिखल झिरपत होता.

खडक तपासणाऱ्या बाईंनी तो बोटांत चोळला आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी मुकादमाला सांगितलं, की ही भेग डोंगराहून जुनी आहे. इथे समुद्राचा तळ होता आणि जमीन ताणून फाटली होती, तेव्हाची. पुढे दोन्हीकडून रेटा आला, तेव्हा जमिनीला नवी वाट शोधावी लागली नाही. ती जुन्याच भेगेवरून उलटी वर सरकली, आणि सरकता सरकता तिचे थर वाकले. डोंगर असा उभा राहिला.

"वरचा सगळा भार या चिखलावर आहे," बाई म्हणाल्या. "आधी माणसं बाहेर काढा."

मुकादमाने शिट्टी फुंकली. सगळे पळाले, एक सोडून. ड्रिलवर त्याचा सख्खा मेहुणा होता, पक्का अडेलतट्टू.

"अर्धं भोक झालंय, दाजी. पुरं करून येतो."

वरून खडक करकरला. मुकादमाने पहार आडवी फिरवली आणि मेहुण्याच्या जबड्यावर हाणली. हाड मोडल्याचं त्याच्या मनगटाला कळलं. खाली कोसळलेल्या मेहुण्याची कॉलर धरून तो ओढत सुटला, आणि मागे डोंगर फुटला. दगड बंदुकीच्या गोळ्यांसारखे उडाले, ड्रिलचा चेंदामेंदा झाला, चिखलाचा लोंढा कमरेपर्यंत चढला. एका धोंड्याने मुकादमाच्या उजव्या हाताची तीन बोटं चिरडली. त्याने हात बदलला, कॉलर सोडली नाही.

दवाखान्यात बायको दोन खाटांच्या मधे उभी होती. भावाचा जबडा तारांनी आवळलेला, नवऱ्याचा हात रक्ताने भिजलेला. तिने आधी नवऱ्याला फैलावर घेतलं, की नुसता एक धक्का पुरला नसता का?

"तुझा भाऊ आहे," तो म्हणाला. "धक्क्याने हलला असता?"

तिला हसू फुटलं, आणि लगेच रडू.

मेहुणा वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. मग एका दुपारी घरी आला, वाकड्या तोंडाने पोटभर शिव्या दिल्या आणि जेवायला थांबला.