सुलभाताईंचं सरकारी ट्रेनिंग

नाहूर स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमचा गाळा आहे. आम्ही शाळेचे युनिफॉर्म शिवतो. म्हणजे शिवतात बाकीचे, मी मालक. धंदा वडिलांनी सुरू केलेला, त्यामुळे जुनी माणसं मला अजून नुसतं मंदार म्हणतात. सात माणसं दिवसभर एका खोलीत बसली की चिंध्यांइतकेच किस्से साचतात. चिंध्या भंगारवाला नेतो, किस्से राहतात. सरकारी ट्रेनिंग आलं त्या महिन्यात तर ढीगच झाला.

*

योजना साधी होती. छोट्या उद्योगांतल्या कामगारांना सरकार स्वतःच्या खर्चाने नवं काम शिकवणार, ट्रेनर गाळ्यावर येणार. फॉर्ममध्ये शिक्षणाचा रकाना होता. सुलभाताई परब आमच्या सगळ्यात जुन्या कारागीर, मूळच्या कणकवलीकडच्या. त्यांना विचारलं, तर मशीन न थांबवता म्हणाल्या, "चौथी पास. पाचवेत आठ दिस होतंय, तां पण लिव."

लिहिलं. ऑनलाइन फॉर्मने ते आठ दिवस घेतले नाहीत, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

*

ट्रेनर आली स्नेहल मॅडम, जेमतेम सव्वीसची, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन. भिंत कुठेच मोकळी नाही, म्हणून कटिंग मास्टर दिलीपमामांनी शर्टाच्या पांढऱ्या कापडाचा नवा तागा उलगडून टांगला. विषय होता कापडातले दोष. मॅडम एकेक फोटो दाखवत होत्या. तिसऱ्या फोटोला मामा उठले, अगदी जवळ गेले आणि म्हणाले, "मॅडम, हा डाग तुमच्या फोटोतला नाही. आमच्या कापडातला आहे."

अख्खा तागा परत गेला. ट्रेनिंग सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती.

*

मग नवीन कॉम्प्युटरवाली मशीन आली. ती इंग्लिशमध्ये बोलते. सुलभाताई तिच्यावर बसल्या आणि ती लगेच काहीतरी बोलली. मॅडमनी भाषांतर केलं, "पाय खाली घ्या म्हणतेय." म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय. पण ताईंनी स्टुलाच्या दांडीवरचे स्वतःचे दोन्ही पाय झटकन खाली घेतले आणि सावरून बसल्या.

"सासूनंतर ह्याच पहिला," त्या म्हणाल्या.

मॅडमना हसू आवरायला बाहेर जावं लागलं.

*

ट्रेनिंगच्या शेवटी परीक्षा होती. त्या सकाळी सुलभाताई आल्याच नाहीत. घरी फोन केला, तर सून म्हणाली, त्या कधीच निघाल्यात. मी शोधत गेलो, तर कोपऱ्यावरच्या टपरीवर तिसरा चहा घेत बसलेल्या. मी काही विचारायच्या आत बोलायला लागल्या. नापास झाले तर तू त्या मशीनवर दुसरी कोणी बसवशील, आणि त्यात तुझी चूकही नसेल, असं म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता.

मी सांगितलं, ताई, पास-नापास काहीही होऊ दे, तुमची जागा तुमचीच. हे मी महिनाभर आधी सांगायला हवं होतं, ते तिथे उभं राहून कळलं. त्यांनी चहा संपवला आणि माझ्या पुढे चालायला लागल्या.

वीसपैकी अठरा उत्तरं बरोबर. आणि प्रॅक्टिकलमधल्या त्यांच्या कॉलरचा मॅडमनी फोटो काढून पुढे कुठेतरी पाठवला.

*

सर्टिफिकेट द्यायला एक साहेब आले. त्यांनी सगळ्यांकडून अभिप्राय भरून घेतले. शेवटचा प्रश्न होता, पुढचं प्रशिक्षण कोणाला हवं? सुलभाताईंनी लिहिलं, "मालकाला. शर्टाचं बटण लावता येत नाही." साहेब हसले नाहीत. त्यांनी ते टिपून घेतलं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. शिलाई उद्योगातल्या मालकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा, घाटकोपरला. यादीत माझं नाव. नेमकी त्याच दिवशी सुलभाताईंनी रजा मागितली होती.

गेलो. पहिल्या रांगेत बसवलं. स्नेहल मॅडम म्हणाल्या, आजचं प्रॅक्टिकल आमच्या नव्या सहायक प्रशिक्षक घेतील. दार उघडलं आणि इस्त्रीची साडी नेसून, गळ्यात ओळखपत्र घालून सुलभाताई आत आल्या. माझ्याकडे ओळखीचं बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांना सुई-दोरा वाटला, मग रांगेतून एकेकाचं काम बघत फिरल्या आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"मंदार," त्या हळूच म्हणाल्या, "सुई उलटी धरलंस."