धानोऱ्याची नदी

चूक माझीच होती. पुराच्या सरावासाठी आम्ही तीन गावांचे संगणक जोडले होते, प्रत्येकावर खोट्या पुराचा एकेक भाग: नंदुरबारला माझ्याकडे पाऊस, धानोऱ्याच्या बाईंकडे नदी, खांडबाऱ्याला बचावाच्या गाड्या. सगळे तयार झाल्याशिवाय सरावाचं घड्याळ पुढे न्यायचं नाही, हा नियम होता. बाई दरवेळी फोनवर चहा फुरकत म्हणायच्या, "थांबा ना भाऊ, मन्ही नदी आजून मांगे शे!" म्हणजे त्यांच्या संगणकाचं नदीचं गणित अजून व्हायचं असे.

एकदा कंटाळून मी बाईंची वाट न बघता घड्याळ पुढे नेलं. नदीचा इशारा उशिरा पोचला, पडद्यावरचं गाव बुडालं. मी बाईंच्या संगणकाला दोष दिला. त्यांना वगळायचं ठरलं.

त्यांच्या शेवटच्या सरावात माझीच लाइन गेली. परत जोडला गेलो तेव्हा बाई सगळ्यांना दटावत होत्या, "भाऊले येऊ द्या, मंग चालू करूत."

सगळ्यांसमोर मी म्हणालो, "ताई, तुमचा संगणक ठीक होता. नियम मी मोडला. मला माफ करा."