मागच्या दरवाजावरचा ओरखडा

आमचे सासरे हणमंतराव, म्हणजे बाबा, तीस वर्षं काचीगुड्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. त्यामुळे घरात काहीही वाकडं किंवा ओघळलेलं त्यांना खपत नाही. मी पोळी लाटत असले तरी मागे येऊन "डावीकडे जरा कमी पडलीय" म्हणणारच. गेल्या दोन वर्षांपासून मात्र त्यांचा उजवा हात थरथरतो. त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नाही. ते स्वतः बाहेर कुठे गेले की हात खिशात घालतात.

या दसऱ्याला पाहुणे येणार होते, म्हणून बाबांनी शेजारच्या एकनाथरावांची गाडी मागून घेतली. एकनाथराव त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. चार वर्षांपूर्वी बायको, वासंतीकाकू, वारल्या, तेव्हापासून एकटेच. सणाला ते नांदेडला लेकीकडे निघाले होते. किल्ली देताना एवढंच म्हणाले, "हणमंता, हिला जप रे."

बाबांनी जपलीच, जरा जास्तच. खंडेनवमीला दारात उभ्या असलेल्या वाहनाची पूजा झालीच पाहिजे, मग ते कुणाचंही असो. निळ्या बॉनेटवर त्यांनी हळदकुंकू कालवून स्वस्तिक काढलं. ते उन्हात वाळून टणक झालं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकनाथराव यायचे त्याच दिवशी सकाळी, बाबा देव घासायची चिंच आणि काथ्या घेऊन अंगणात गेले. आता देव पितळेचे असतात, गाडी नसते, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. स्वस्तिक गेलं आणि त्या जागी बारीक बारीक ओरखडे उमटले.

"गॅरेजमध्ये नेऊ या," मी म्हटलं.

"नक्को. माझ्या हातानं झालंय, माझ्याच हातानं जाईल. संध्याकाळी तो आला की त्याला गाडी होती तशी दिसली पाहिजे."

स्कूटरवरून आम्ही दोघं हिमायतनगरला गाडीच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं गाडीच्या रंगाची छोटी बाटली काढून दिली आणि म्हणाला, "शेड वहीच आता साब, मगर हाथ जमना." म्हणजे रंग तोच येईल, पण हात स्थिर हवा. बाबांनी हात खिशात घातला. मला त्या माणसाचा उगाचच राग आला.

बरकतपुऱ्याला घरी परत येऊन त्यांनी बॉनेट बारीक पॉलिश पेपरनं ओलं ओलं घासलं. मग पेस्ट लावून मऊ फडक्यानं पुसत राहिले. दोन तास लागले, पण ओरखडे गेले. आपण सुटलो असं मला वाटलं, तेवढ्यात त्यांचं लक्ष मागच्या दरवाजाकडे गेलं. तिथे हातभर लांबीचा एक जुना, खोल ओरखडा होता.

आमच्या घरात कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. वाटीभर साखर आणली, तर वाटीतून निदान दोन लाडू तरी जातात. "हाही घालवून टाकतो, शिल्पा," बाबा म्हणाले. "एकनाथ खूश होईल."

ओरखड्यात भरायला पुट्टी आणलेली नव्हती. त्यांनी नुसताच रंग भरला. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून, एकावर एक तीन हात दिले. लांबून बघता दरवाजा कोरा करकरीत झाला. पण बोट फिरवलं की खाच लागत होती, आणि तेवढ्यानं बाबांचं तोंड उतरलं. "पोरांनी असं काम दाखवलं असतं तर मी परत करायला लावलं असतं," ते म्हणाले आणि जेवलेही नाहीत धड.

संध्याकाळी एकनाथराव स्टेशनवरून थेट आमच्याकडेच आले. बाबांनी चिंच-काथ्याची हकिगत लपवली नाही. एकनाथराव पोट धरून हसले. हसत हसत गाडीला फेरी मारली आणि मागच्या दरवाजापाशी थांबले.

"इथला ओरखडा?"

"तो पण घालवला," बाबा म्हणाले.

एकनाथरावांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "वासंतीचा होता रे. गाडी शिकत होती, तेव्हा गेटच्या खांबाला घासली. मी केवढा ओरडलो होतो तिला! ती गेल्यावर मग तसाच राहू दिला."

बाबा पांढरेफटक पडले. इतक्या वर्षांची मैत्री, आणि हे आपल्याला माहीत नव्हतं. "मी चुकलो, एकनाथ," ते म्हणाले. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

मग बाबांनी तो थरथरता हात खिशातून बाहेर काढला, मित्राची बोटं धरली आणि दरवाजावर टेकवली. "डोळे मीट. मला भरता आला नाही नीट. नुसता रंग लागलाय वरून."

एकनाथरावांची बोटं दरवाजावरून हळूहळू सरकत गेली, चाकाच्या जरा अलीकडे थांबली.

"हौ," ते म्हणाले. "इथं तिनं ब्रेक दाबला होता."