टीबीच्या रकान्यात 'नाही'

माझा मायक्रोबायोलॉजीचा शेवटच्या वर्षाचा अभ्यास आणि आईचा संधिवात, दोन्ही बरोबरच वाढले, म्हणून घरात मीच डॉक्टर. सकाळी आईला ब्लाउजचे हूक लागायचे नाहीत, ताई लावून द्यायची. गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं. मी तर खूशच, ते आमच्या सिलॅबसमध्येच होतं! जामबागहून ऑटोत बसल्यापासून आईला समजावत होते. रक्तातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, इकडे या, शत्रू आलाय. त्यातल्या एका निरोपाचं नाव टीएनएफ. तुझ्या सांध्यात शत्रू नाहीच, पण निरोप थांबत नाहीत, म्हणून सूज. इंजेक्शन तोच निरोप अडवतं.

"हौ, पण हूक लागतील ना?" आई म्हणाली.

दवाखान्यात फॉर्म मी भरत होते. घरात कुणाला टीबी झाला होता का? बाबांना झाला होता, मी तिसरीत असताना. आमच्याकडे त्याला 'बाबांची लांब सुट्टी' म्हणतात. ताईचं लग्न ठरत होतं. आईने नुसतं माझ्या पेनाकडे बघितलं आणि मी 'नाही'वर टिक केली. टीबीची टेस्टही निगेटिव्ह आली. आधीच्या गोळ्यांतल्या स्टिरॉइडमुळे जंतू असूनही ती तशी येऊ शकते, हे मी नंतर वाचलं.

दोन महिन्यांत आईने सुलतान बाजारात स्वतःच्या हातांनी साड्या उलगडून बघितल्या. मी व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मग रोज संध्याकाळी ताप. खोकला. वजन उतरलं.

टीबीच निघाला. मी बाबांचं सांगितलं तेव्हा डॉक्टर रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, टीबीचे जंतू वर्षानुवर्षं आत पडून राहतात, पेशी त्यांच्याभोवती कडं करून उभ्या असतात, आणि ते कडं टिकतं टीएनएफच्या जोरावर. आपण तोच बंद केला. मी हे परीक्षेत लिहिलं होतं, आकृतीसकट.

आता इंजेक्शन बंद, टीबीच्या गोळ्या नुकत्याच सुरू. आईला पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागतो.

काल ताईच्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. आईला बघायला येतो म्हणाल्या, नातवालाही आणतो, चार महिन्यांचा आहे.

"टायफॉइड झालाय म्हण," आई पडल्या पडल्या म्हणाली.

मी म्हटलं. वर म्हटलं, बाळाला आणू नका.

"बाळाला काय होतंय? लांबच बसू आम्ही."

मी त्यांना खरं सांगितलं. बाबांचंही.

फोन ठेवला तेव्हा आईने भिंतीकडे तोंड केलं होतं. ताई अजून माझ्याशी बोलत नाहीये.