चोवीस तासांची लघवी

आमच्या घरात विज्ञान समजणारा मी एकटा, असा माझा समज होता. बारावीला जीवशास्त्रात बरे मार्क पडले होते आणि त्या भांडवलावर मी पुढची वीस वर्षं घरच्यांना अक्कल शिकवली. थोरल्या ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि मी माझी एक द्यायचं कबूल केलं, तेव्हाही तपासण्यांचं सगळं मीच सगळ्यांना समजावत होतो.

ताई डायलिसिससाठी घोटीहून आमच्याकडे नाशिकला राहायला आली होती. माझा रक्तगट जुळला. मग डॉक्टरांनी माझ्या किडन्या किती काम करतात ते मोजायला सांगितलं. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी, थेंब न थेंब, कॅनमध्ये जमवायची. घरी येऊन मी ताईला घंटागाडीवरून समजावलं. रक्तात कचरा किती साचलाय आणि गाडीने दिवसभरात किती उचलला, हे दोन्ही मोजलं की गाडीचा जोर कळतो. ताईला पटलं. मला तर फारच पटलं.

रजा मात्र मी टाकली नाही. अर्जात कारण काय लिहिणार? कॅन पिशवीत घालून कचेरीत गेलो. दहाच्या सुमाराला पिशवीसकट गुपचूप जाऊन आलो आणि ती टेबलाखाली सरकवत होतो, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईंना कॅन दिसला. सोमवार होता.

"पहाटेच त्र्यंबकला जाऊन आलात वाटतं? कुशावर्ताचं पाणी का?"

नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. बाईंनी हात जोडले. शिपाईमामा धावत आले. "भाऊसाहेब, तीर्थ असं खाली नका ठेवू, पाय लागंल," म्हणत त्यांनी पिशवी उचलली आणि फायलींच्या उंच कपाटावर नेऊन ठेवली. थोड्या वेळाने बाई छोटी बाटली घेऊन आल्या. "एवढंसं देता?"

"घरी पूजेला सगळंच लागणार आहे," मी म्हणालो. माझा कंजूषपणा त्या दिवशी कचेरीभर गाजला.

आता तीर्थ घेऊन संडासात कसं जाणार? संध्याकाळपर्यंत मी तीनदा रिकाम्या हाताने जाऊन आलो. घरी आल्यावर पुन्हा इमानेइतबारे जमवायला लागलो.

रिपोर्ट वाईट आला. किडन्या फारच कमी काम करतायत, असं दिसत होतं. डॉक्टर चक्रावले. "रक्ताचा रिपोर्ट तर चांगला आहे. लघवी सगळी जमवली होती ना?"

"थेंब न थेंब," मी म्हणालो.

मग तुम्हाला किडनी देता येणार नाही, असं ते म्हणाले. बाहेर येऊन रिक्षात बसलो आणि, सांगायला लाज वाटते, मला हलकं वाटलं. पोट फाडून घ्यायचं टळलं होतं आणि दोष माझा नव्हता, किडन्यांचा होता.

ताईने त्या दिवसापासून माझ्या आमटीतलं मीठ कमी करायला लावलं. स्वतः दिवसभरात मोजून पाणी पिणारी ताई माझ्यासमोर भरलेला तांब्या ठेवायची. "तू तरी जप रे," म्हणायची. चौथ्या दिवशी मला तो तांब्या बघवेना. मी रडत रडत तिला सगळं सांगितलं, अगदी रिक्षातलंसुद्धा.

कपाटावरच्या तीर्थाचं ऐकून ती आधी पोट धरून हसली. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "रिपोर्ट बघून तुला खरंच बरं वाटलं होतं?"

"हो."

"मलाही. म्हटलं, हा तरी सुटला."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना खरं ते सांगितलं आणि कचेरीत जाऊन रजेचा अर्ज दिला. साहेबांनी कारण विचारलं. बाई कान देऊन ऐकत होत्या, शिपाईमामा दारात उभे होते.

"चोवीस तास लघवी जमवायची आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "ताईला किडनी द्यायचीय."