नळीवरचा रुपया

आमच्या घरात परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं, पण त्याने कधी काही टिपलेलं नव्हतं. रावेरजवळच्या केळीच्या मळ्याची राखण म्हणून माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, ते घेतलं होतं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागे, झेंडूचं फूल वाहिलं जाई आणि आबा अंगणात उभे राहून आभाळात एक बार काढत. झाली वर्षाची नेमबाजी.

माझे वडील पारोळ्याचे. तेही परवानाधारक, पण जळगावच्या रायफल क्लबात नियमित जाणारे. नव्वद सालाच्या आसपास एका उन्हाळ्यात तिथे स्पर्धा ठरली, तेव्हा भर पंगतीत ते आबांना म्हणाले, "या व्याही, निदान कागदाला तरी लागतं का बघू." पंगत हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वडील असले म्हणून काय झालं, आबांचं हसं झालेलं मला खपणार नव्हतं.

खळ्यात सराव सुरू झाला. आबा रिव्हॉल्व्हर रिकामं करून मला दाखवत, मी नळीवर रुपया ठेवी. चाप ओढला की हात हले आणि रुपया खाली. मला स्पष्ट दिसे, चाप ओढण्याआधीच आबा डोळे मिटतात. सांगितलं तर खवळले. म्हणाले, चाचणी घे. मग मळ्यात मातीच्या ढिगाऱ्यावर कागद लावला आणि त्यांच्या नकळत काडतुसांत मी एक आधीच उडालेली, रिकामी पुंगळी मिसळली. तिची पाळी आली. बार झालाच नाही, तरी आबांचा हात गचकन खाली गेला.

त्यांनी ती पुंगळी काढून तळहातावर घेतली. "म्हंजे मीच भेऊ राह्यलो वं पोरी."

"आबा, केळं पिकलं का बघताना कसं हळूच दाबता? चाप तसा दाबा."

हळूहळू रुपया नळीवर टिकू लागला. स्पर्धा वडिलांनीच जिंकली, पण आबांची एकही गोळी कागदाबाहेर गेली नाही. वडिलांनी आबांचा कागद उन्हात धरून एकेक भोक मोजलं. येताना बसमध्ये मी उगाचच हसत होते.

दसऱ्याला वडील सोनं द्यायला आले. पूजा झाल्यावर म्हणाले, "होऊ द्या व्याही, काढा बार."

आबांनी रिव्हॉल्व्हर उचललं, वर पाहिलं आणि ते परत पाटावर ठेवलं.

"आभायाले काय मारू व्याही? थे त मले कधी चुकलंच नाही."