कच्चं औषध

त्या गल्लीत सगळे त्याला वैद्य म्हणत. दवाखाना म्हणजे पत्र्याचं शटर, तेलाने काळी पडलेली फरशी आणि दोन स्टुलं. जुन्या मोटरसायकली तिथे कण्हत येत आणि वैद्य आधी हात मागे बांधून नुसता ऐकत उभा राही. गिऱ्हाईक काय होतंय ते सांगायला लागलं की म्हणे, "तुम्ही गप्प बसा, तिला बोलू द्या." निदान क्वचितच चुकायचं, आणि चुकलं तर स्वारी दोन दिवस घुश्श्यात. कानाचा गर्व होता त्याला, आणि तो त्याने कधी लपवलाही नाही.

लपवायला दुसरं होतं. बायको गेल्यावर मुलाने कामाच्या जवळ, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला घर घेतलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं येणं कमी होत गेलं. आधी जेवायला यायचा, मग उभ्या उभ्या भेटायला, मग फक्त फोन, आणि फोनवर "बाबा, बरे आहात ना?" विचारून झालं की दोघांच्याही तोंडाला कुलूप. भांडण असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं, असं वैद्याला वाटे.

मग मुलाची मोटरसायकल कुरकुरायला लागली. गाडी मुळात वैद्याचीच, पोरगं कॉलेजात गेलं तेव्हा त्याला दिलेली. सकाळी मुकाट सुरू व्हायची, पण इंजिन तापलं की उभ्या जागी धापा टाकायची. आवाज उगाच वर जायचा, खाली यायचा, आणि सिग्नलला रेस सोडली की खलास. मुलगा ती घेऊन आला, सोबत नात. वैद्याने प्लग काढला. टोक पांढुरकं पडलेलं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जात होती. कार्बोरेटर उघडला, त्यातला पेट्रोल सोडणारा बारीक जेट फुंकून साफ केला, तरी तेच. मग चालू गाडीत त्याने कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरावर पेट्रोलचे दोन थेंब सोडले, आणि धापा टाकणारं इंजिन क्षणभर शहाण्यासारखं चालायला लागलं. रबराला खालच्या अंगाला चीर होती. तिथून गाडी चोरून हवा ओढत होती.

नवं रबर पाठीमागच्या खिळ्यावरच लटकत होतं. हात वर केला की काम झालं असतं. पण मुलगा स्टुलावर बसला होता, चहाचा पेला हातात, आणि कितीतरी महिन्यांनी आपणहून बोलत होता. साहेब कसा कटकट्या आहे, घरात ओल कशी येते, असलं काहीबाही. नात फरशीवर नट-बोल्टांची शाळा भरवून बसली होती. रबर बदललं की हे सगळं उठून जाणार. वैद्याने पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब घेतली, चिरेवर बोट फिरवलं आणि स्क्रू फिरवून इंजिनाचा वेग जरा चढवून ठेवला.

"कार्बोरेटर जुना झालाय," तो म्हणाला. "बघू. पुन्हा त्रास दिला तर घेऊन ये."

त्रास देणारच होती. पंक्चरचं सोल्यूशन पेट्रोलपुढे टिकत नाही, हे त्याला नाही तर कुणाला ठाऊक असणार? काही आठवड्यांत ते सुटे, गाडी बंद पडू लागे आणि मुलगा दारात हजर. तो दिवस जवळ आला की वैद्य सकाळीच स्टुल पुसून ठेवी, नातीसाठी बिस्किटांचा पुडा आणून ठेवी आणि मुलगा आला की तासाभराच्या कामाला अर्धा दिवस लावी. आपण पोटच्या पोराला फसवतोय हे त्याला कळत होतं. पण सुखाला चटावलेला माणूस स्वतःची समजूत काढण्यात मोठा पटाईत असतो. गाडी बंदच तर पडते, त्यात कुणाचं काय जातं, असं तो स्वतःला सांगे.

एकदा नेहमीचे दिवस उलटून गेले तरी मुलगा आला नाही. वैद्याने आणलेली बिस्किटं सादळली. आणि मग एका संध्याकाळी मुलगा एकटाच आला. गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच वैद्याच्या कानावर पडला, स्वच्छ आणि एकसारखा. म्हणजे रबर दुसऱ्या कुणीतरी बदललं होतं.

मुलाने चढ्या आवाजात काहीच सांगितलं नाही. चौकात वळताना गाडी मध्येच बंद पडली होती. मागून ट्रक येत होता, त्याने करकचून ब्रेक मारला म्हणून निभावलं. गाडी आडवी झाली, नातीचं कोपर सोलवटलं, आणि आता गाडीवर बस म्हटलं की ती रडते. घराखालच्या मेकॅनिकने दोष लगेच काढला. मुलाने खिशातून जुनं रबर काढून स्टुलावर ठेवलं. चिरेवर सोल्यूशनचे पापुद्रे होते, एकावर एक.

"तो म्हणाला, हे कुणीतरी जाणूनबुजून चिकटवलंय." मुलाने पापुद्र्यांवर बोट ठेवलं. "बाबा, तुम्हाला चीर दिसली होती का?"

वैद्याच्या ओठांवर हो आलं होतं. पण हो म्हटलं की मागोमाग का ते सांगावं लागणार, आणि त्या उत्तरात नातीचं कोपर येणार. आयुष्यभरात कमावलेली एकच गोष्ट त्याच्याकडे होती, कानाचं नाव; ती टाकली तर निदान बाप उरत होता.

"नाही," तो म्हणाला. "सांधा ढिला वाटला म्हणून लावलं असेल वरवर. आता कान पहिल्यासारखे राहिले नाहीत रे. डोळेही."

मुलाचा चेहरा निवळला. त्याला ते लगेच पटलं, आणि इतक्या सहज पटलं याचंच वैद्याला सगळ्यात जास्त लागलं. मुलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जो कित्येक वर्षांत ठेवला नव्हता. आता दुकान बंद करा, म्हणाला, आराम करा. गाडीची काळजी करू नका, मेकॅनिक घराखालीच आहे, एवढ्या लांब यायची गरजच नाही.

"पोरीला आणशील ना?" वैद्याने विचारलं.

"बघू, बाबा."

गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. वैद्य शटरपाशी हात मागे बांधून ऐकत उभा राहिला. गल्लीच्या वळणावर मुलाने रेस सोडली. रेस सोडली की नेमकी तेव्हाच ती बंद पडायची. आत्ताही पडावी असं त्याला वाटलं, ते कोपर आठवत असूनही वाटलं, आणि स्वतःची किळस आली. गाडी अडखळली नाही. गेलेल्या म्हणून सांगितलेल्या त्या कानांना ती पार मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत राहिली.